काकूंची समुद्रयात्रा

नव्या गांवीं बिऱ्हाड थाटलें म्हणजे पहिल्या आठ दिवसांत गृहस्थ कशाकशाची चौकशी करतो, हें वाचकांस सांगावयास नको. दूध कोण घालतो, नळाला पाणी किती वाजतां येतें, भाजी कोठें बरी मिळते, मुलांची शाळा किती लांब आहे आणि डॉक्टर रात्रीं फोन घेतो कीं नाहीं, ह्या पांच प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं कीं आपण ह्या गांवचे झालों, अशी त्याची समजूत होते. माझीहि तशीच झाली होती. नोकरीच्या निमित्तानें सांगली सोडून पणजीस येऊन मला दीड वर्ष झालें होतें. मांडवीच्या कांठच्या रस्त्यानें मी रोज दोन वेळां स्कूटरवरून जात येत होतों. तरीहि ती नदी कोणीकडे वाहते, असें कोणीं एकाएकीं विचारलें असतें, तर मला उत्तर देतांना अडखळावें लागलें असतें. तो प्रश्न विचारला आमच्या काकूंनीं; आणि त्याच्या उत्तरासाठीं आम्ही दोघें नदीच्या कांठाकांठानें समुद्रापर्यंत चालत गेलों. शास्त्रांत समुद्रयात्रा निषिद्ध मानिली आहे खरी, परंतु ही यात्रा तीन किलोमीटरांची आणि पायींच होती. म्हणून तिची हकीकत ह्या पानांतून सांगावयास हरकत नसावी.

काकू म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांच्या पत्नी. मी सहा वर्षांचा असतांना माझी आई गेली. तेव्हांपासून आम्हां भावंडांना काकूंनींच वाढविलें. त्यांचें वय आज एक्याऐंशी वर्षांचें आहे. माहेर माहुलीचें. सातारच्या पूर्वेस दीड कोसावर वेण्णा जेथें कृष्णेस मिळते, तेंच हें संगम माहुली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचें हें गांव. सासर सांगलीच्या गांवभागांतलें, नदीपासून हाकेच्या अंतरावरचें. माहुलीच्या घाटावर पोहावयास शिकलेली मुलगी सांगलीच्या घाटावर धुणें धुवावयास आली. काकू स्वतः म्हणतात, "मला कोणीं सासरीं पाठविलें नाहीं. कृष्णा खालीं आली, तिच्याबरोबर मीहि आलें."

त्याच कृष्णेनें ऑगस्ट २०१९ मध्यें आमचें घर बुडविलें. सांगलीचा स्वतःचा पाऊस म्हणाल तर वर्षाकाठीं पंचवीस इंचांच्या आसपास. आमचे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसणारे. पण वर महाबळेश्वरास दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. तें पाणी आणि कोयना-वारणेच्या खोऱ्यांतलें पाणी सारें एकत्र होऊन आमच्या दारावरून जातें. १९२९ सालीं बांधलेल्या आयर्विन पुलापाशीं पाण्याची उंची मोजतात. पंचेचाळीस फुटांवर धोका समजावयाचा. त्या वर्षीं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलें. आदल्या रात्रीं काकू जिन्यांत बसून पायऱ्या मोजीत होत्या. तासाला एक पायरी पाण्याखालीं जात होती. दुसऱ्या दिवशीं होडींतून माणसें बाहेर निघालीं. देव वर नेले होते म्हणून वांचले. पण लोणच्याच्या बरण्या, काकांच्या हातची हिशेबाची वही आणि काकूंच्या लग्नांतला एकुलता एक फोटो चिखलांत गेला. २०२१ सालीं पाणी पुन्हां अंगणांत आलें. तेव्हां दादा आणि मी अशा आम्हां दोघां भावांनीं फोनवर बोलून ठरविलें कीं, काकूंना आतां सांगलींत ठेवावयाचें नाहीं. माझें बिऱ्हाड स्थिर झालें कीं त्यांना माझ्याकडे आणावयाचें. पणजीस मला जागा मिळाली ती दुसऱ्या मजल्यावर, उद्वाहनासह. गेल्या मार्गशीर्षांत मी आंबोलीच्या घाटानें काकूंना घेऊन आलों. आपण मोठें कर्तव्य पार पाडलें, असें मला वाटत होतें.

काकूंनीं तक्रार केली नाहीं. तक्रार करणें हा त्यांचा स्वभावच नव्हे. सकाळीं स्नान, जप, दुपारीं थोडी झोप, संध्याकाळीं मुलांना श्लोक, असें त्यांचें चाललें होतें. परंतु स्त्रियांच्या दृष्टीस जें पडतें तें पुरुषांच्या पडत नाहीं. एके दिवशीं पत्नी मला म्हणाली, "अडीच महिने झाले. काकूंनीं पेटींतलीं लुगडीं अजून कपाटांत ठेवलीं नाहींत. रोज पेटी उघडतात, एक काढतात आणि पेटी पुन्हां लावतात." मी म्हणालों, "संवय असेल." तिनें माझ्याकडे पाहिलें आणि ती कांहीं बोलली नाहीं.

त्याच संध्याकाळीं काकू गच्चीवर उभ्या होत्या. घरांमधून नदीची एक रुंद पट्टी दिसत होती. त्यांनीं विचारलें, "अरे, ही नदी कोणीकडे वाहते? काल दुपारीं इकडे जात होती, आज तिकडे जाते आहे. मला म्हातारीला भ्रम झाला कीं काय?"

मी हंसून सांगितलें कीं नदी समुद्राकडेच जाते, दुसरीकडे कोठें जाणार? पण माझ्या उत्तरानें त्यांचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर माझेंहि झालें नाहीं. "मग समुद्र दाखव," त्या म्हणाल्या. "गाडींतून नको. नदीच्या कडेकडेनें चालत जाऊं. वाट चालल्याशिवाय गांव कळत नाहीं."

दुसऱ्या दिवशीं माघ शुद्ध एकादशी होती. उपासाच्या दिवशीं चालूं नये, असें मी सुचवून पाहिलें. पण उपासाच्या दिवशीं घाटावर जाण्याची त्यांची साठ वर्षांची संवय होती. सकाळीं साडेसहाच्या सुमारास आम्ही आदिलशाही राजवाड्यापाशीं उतरलों. विजापूरकरांचा हा जुना वाडा पुढें पोर्तुगिजांच्या गव्हर्नरांचें निवासस्थान झाला आणि नंतर बरींच वर्षें तेथें सचिवालय होतें. शेजारीं आबे फारिया यांचा पुतळा आहे. गोव्यांत जन्मलेल्या ह्या धर्मोपदेशकानें युरोपांत जाऊन संमोहनविद्येचा शास्त्रीय विचार आरंभिला. पुतळ्यांत त्यांचे हात एका स्त्रीवर पसरलेले आहेत आणि ती मागें कलली आहे. काकू थोडा वेळ पाहून म्हणाल्या, "बाईला निजविण्यासाठीं एवढे हातवारे! आमच्या घरांत चार पोरें निजवितांना मला दोनच हात पुरत."

उजव्या हाताला नदी, डाव्या हाताला गांव. थंडी सुखद होती. पलीकडच्या बेतीहून फेरीबोट माणसें आणि दुचाक्या घेऊन येत होती. नदींत नांगरलेलीं जुगाराचीं मोठालीं जहाजें रात्रभर जागून आतां दिवे मालवीत होतीं. धक्क्याच्या पायऱ्या दिसतांच काकू थांबल्या. पदराच्या गांठींत त्यांनीं तगरीचीं चार फुलें आणलीं होतीं. मी हात धरला. त्या दोन पायऱ्या उतरल्या, नमस्कार केला आणि फुलें पाण्यावर सोडलीं.

फुलें समुद्राकडे गेलीं नाहींत. तीं हलकेंच वळलीं आणि पूर्वेकडे, डोंगरांच्या दिशेनें, वरच्या अंगास जाऊं लागलीं.

काकू पाहतच राहिल्या. मग त्यांची दृष्टि पायाखालच्या पायरीकडे गेली. आम्ही उतरलों तेव्हां ती कोरडी होती; आतां तिच्यावर पाण्याची जीभ येऊन जात होती. माझ्या मनगटावरची त्यांची पकड एकदम घट्ट झाली. "पाणी चढतें आहे," त्या हळूच म्हणाल्या. "अरे, पाणी चढतें आहे. वर चल." त्यांचा हात थरथरत होता. मी त्यांना वर आणून कठड्यावर बसविलें. पाऊस नाहीं, पूर नाहीं, हें मी सांगत होतों. परंतु जिन्यांत बसून रात्रभर पायऱ्या मोजणाऱ्या माणसाला असल्या समजुतीनें काय होणार? दोन भाऊ मिळून ज्या माणसाला पाण्यापासून दूर नेलें असें समजत होतों, त्याला मीं पाण्याच्या कांठींच आणून बसविलें होतें, आणि ह्या पाण्याची रीत त्याला कोणीं सांगितली नव्हती. मलाच ती नीट ठाऊक नव्हती.

जवळच कठड्यावर एक वृद्ध गृहस्थ गळ टाकून बसला होता. आमचें बोलणें त्याच्या कानांवर गेलें असावें. तो कोंकणीमिश्रित मराठींत म्हणाला कीं, बाईंनीं भिऊं नये; आज एकादशी, तेव्हां सव्वाआठपर्यंत पाणी असेंच भरत राहील, मग थोडें थांबेल आणि उतरूं लागेल.

काकूंची भीति बाजूस राहिली आणि कुतूहल पुढें झालें. मासे धरणाऱ्याला एकादशी कशाला हवी, असें त्यांनीं सरळच विचारलें. तो हंसला. त्यानें सांगितलेला हिशेब असा: पक्ष शुद्ध असो वा वद्य, आजची जी तिथि असेल तिची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. सकाळीं एकदां आणि संध्याकाळीं एकदां. त्याच्या अदमासें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. स्थळ पाहून अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, एवढेंच.

"अकरा पाऊण सव्वाआठ," काकू ताडकन् म्हणाल्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे माहुलीच्या शाळेंत त्यांच्याकडून घोकून घेतलेले होते. सांगलीच्या बाजारांत हळदीचा आणि शेंगांचा भाव करतांना ते उपयोगी पडले असतील. समुद्राची वेळ काढावयास उपयोगी पडतील असें कोणाला वाटलें होतें? त्यांनीं लागलीच चतुर्थीचे तीन, अष्टमीचे सहा असे हिशेब करून पाहिले. तो गृहस्थ प्रत्येक आंकड्याला मान हलवीत होता.

हा आडाखा केवळ अनुभवाचा नव्हे. त्यामागें शास्त्र आहे. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या ओढीनें होते. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां माथ्यावर येतो, म्हणून भरतीहि रोज तितकीच उशिरां येते. महिन्याच्या तीस तिथि आणि दिवसाचे चोवीस तास. एका तिथीच्या वांट्यास अठ्ठेचाळीस मिनिटें येतात. म्हणजे पाऊण तासाला थोडें अधिक. अमावास्येस आणि पौर्णिमेस सूर्य व चंद्र एका रेषेंत ओढतात, तेव्हां पाणी अधिक चढतें, तें उधाण. पणजीस अशा वेळीं तें सुमारें दोन मीटर चढतें आणि उतरतें. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनांत असते, तेव्हां भरती लहान. तिला कोंकणांत भांग म्हणतात. मांडवीचें पात्र खालच्या अंगास इतकें सपाट आहे कीं भरतीचा जोर नदींतून कित्येक किलोमीटर आंत शिरतो. भरतीच्या वेळीं नदी खरोखरच डोंगराकडे वाहते. काकूंना भ्रम झालेला नव्हता. भ्रमांत मी होतों.

पुन्हां चालावयास लागतांना त्यांचें पाऊल निराळें पडत होतें. त्या म्हणाल्या, "हें पाणी सांगून येतें आणि आल्यावर परत जातें. आमचें दोन्हीं करीत नाहीं."

पुढें कांपाल लागलें. ह्या भागांतल्या जुन्या वृक्षांची सावली, रुंद पायवाट आणि कडेची बांकें पाहून काकूंना हरिपूर आठवलें. सांगलींत फिरावयास जाणें म्हणजे हरिपुरास जाणें. गांवापासून तासाभराच्या वाटेवर वारणा कृष्णेस मिळते. तेथें संगमेश्वराचें देऊळ आहे. वाटेच्या दोहों बाजूंस चिंचेचीं झाडें. नाटककार गोविंद बल्लाळ देवल तेथलेच. हळद साठविण्याचीं जमिनींतलीं पेवें हें हरिपूरचें दुसरें वैशिष्ट्य. मातीच्या पोटांत हळद वर्षानुवर्षें टिकत असे. २००५ सालच्या महापुराचें पाणी शिरून त्यांतलीं पुष्कळ पेवें निकामी झालीं. काकू सांगत होत्या, "लग्न झाल्यावर वर्षभर मला गांवांत कोणी ओळखत नव्हतें. सासूबाई दर सोमवारीं हरिपुरास नेत. जातांना त्या पुढें, मी मागें. वाटेंत कोण कोणाची सून, कोणत्या वाड्यांत काय झालें, सगळें सांगत. वर्ष संपलें तेव्हां सांगली माझी झाली होती." मग थोडें थांबून त्या म्हणाल्या, "इथें मला कोणीं चालतच नेलें नाहीं."

मीं उत्तर दिलें नाहीं, देण्यासारखें नव्हतें.

जुन्या वैद्यक महाविद्यालयाची इमारत मागें टाकून आम्ही कला अकादमीपाशीं आलों. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनीं आखलेली ही वास्तु नदीच्या अगदीं कांठावर आहे. तिच्यांतल्या नाट्यगृहास दीनानाथ मंगेशकरांचें नांव आहे हें ऐकतांच काकूंची सांगली पुन्हां जागी झाली. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं सांगलींत 'सीतास्वयंवर' सादर केलें आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. त्याच वर्षीं पणजी ही गोव्याची राजधानी ठरली, हें मीं सांगितलें. काकूंनीं त्यांत आपली भर घातली. दीनानाथ मूळचे गोव्याच्या मंगेशीचे, पण बिऱ्हाड केलें तें सांगलींत. आशाबाईंचा जन्म सांगलीचाच, १९३३ चा. "मंगेशीचा माणूस सांगलीस आला, तूं सांगलीचा पणजीस आलास. फिटंफाट झाली," त्या म्हणाल्या.

बांकावर बसून आम्हीं बरोबर आणलेलें केळें आणि दोन खजूर खाल्ले. पलीकडच्या तीरावर रेइश मागुशचा किल्ला उन्हांत तांबूस दिसत होता. मांडवीचा जन्म कोठला, असें काकूंनीं विचारलें. मीं सांगितलें कीं बेळगांव जिल्ह्यांत खानापूरच्या डोंगरांत. तेथें तिला म्हादई म्हणतात. सगळी मिळून तिची लांबी शंभर किलोमीटरांच्या आंतच. तिच्या पाण्याच्या वाटपाचाहि तीन राज्यांत तंटा झाला आणि २०१८ सालीं लवादानें निवाडा दिला.

"आणि आपली कृष्णा?"

आपली कृष्णा महाबळेश्वरीं साडेचार हजार फुटांवर उगम पावते. तेथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेंत अवघा चौसष्ट किलोमीटर. पंचगंगेच्या देवळांत तिच्याबरोबर जिचें नांव घेतात ती सावित्री सरळ कड्याखालीं उतरते आणि कोंकणांतून त्या समुद्रास मिळते. कृष्णेची उतरण मात्र पूर्वेकडे. सह्याद्रीचा कणा पश्चिमेस उंच आणि पठार पूर्वेस कललेलें. म्हणून ती समुद्राकडे पाठ फिरवून वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली, नरसोबाची वाडी अशी निघते. पुढें कर्नाटक, तेलंगण, आंध्र. चौदाशें किलोमीटर चालून हंसलदीवी येथें ती बंगालच्या उपसागरास मिळते. वाडीस आम्ही ज्याला कन्यागत म्हणतों, तोच पर्वकाळ विजयवाड्याचे लोक पुष्करम् म्हणून साजरा करतात. २०१६ च्या ऑगस्टांत दोन्हींकडे एकाच वेळीं स्नानें झालीं. तिची बहीण कोयना तर आणखी निराळी. ती कऱ्हाडास कृष्णेला समोरासमोर येऊन भेटते; परंतु धरण झाल्यापासून तिचें पुष्कळसें पाणी डोंगरांतल्या बोगद्यांतून पोफळीस उतरतें, वीज देतें आणि वाशिष्ठीच्या वाटेनें पश्चिमेच्याच समुद्रांत जातें.

काकू लक्ष देऊन ऐकत होत्या. "हंसलदीवीला खूप पाणी जात असेल," त्या म्हणाल्या. मीं सांगितलें कीं तसें नाहीं. वाटेंत धोम, अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा बंधारा. शेतें, गांवें, कारखाने. कमी पावसाच्या वर्षीं समुद्रापर्यंत फारच थोडें पाणी पोहोंचतें.

"असेंच असतें," काकू म्हणाल्या. "सगळ्यांना वाढतां वाढतां शेवटीं वाढणारीच्या पानांत कांहीं उरत नाहीं." हें त्या नदीविषयींच बोलत होत्या. आवाजांत कडवटपणा मुळींच नव्हता. तरी मला त्यांच्याकडे पाहवेना. आमच्या घरीं वीस पानें उठल्यावर काकू जेवावयास बसत, हें आम्हां सगळ्यांना ठाऊक होतें. आणि त्यांनीं पुढें कोठें राहावें हें ठरवितांना आम्हीं त्यांना विचारलें नव्हतें, हेंहि आतां ठाऊक झालें.

सव्वाआठास पांच मिनिटें असतांना आम्ही मीरामारच्या वाळूंत पोहोंचलों. सुरूंच्या झाडांमधून वारा येत होता. उजवीकडे नदीचें मुख, समोर आग्वादचा १६१२ सालचा किल्ला, डावीकडे मोकळा समुद्र. भरती पुरी झाली होती. पाणी ना आंत येत होतें ना बाहेर जात होतें; नदी कोठें संपली आणि समुद्र कोठें लागला हें बोट ठेवून सांगतां येईना. काकूंनीं पूर्वीं एकदांच, गणपतीपुळ्यास, समुद्र पाहिला होता. तोहि बसच्या वेळेकडे डोळे ठेवून. आज त्या लुगड्याचा कांठ भिजेपर्यंत पाण्यांत उभ्या राहिल्या. मग वाळूंत येऊन बसल्या आणि बोलावयास लागल्या.

"तुम्हीं दोघांनीं मला इथें आणलें तें माझ्या भल्यासाठीं, हें मला कळतें. पुराचें भय मलाहि आहे. पण सांगलीचें घर म्हणजे नुसता पूर नव्हे. वर्षाचे आठ महिने नदी घाटाखालीं असते. तुळस आहे, शेजारच्या बायका आहेत, हरिपूर आहे. मला कोणीं विचारलें असतें, तर मीं सांगितलें असतें."

मीं विचारलें, "काकू, तुमचें म्हणणें काय आहे?" हा प्रश्न मार्गशीर्षांत विचारावयाचा होता, तो माघांत विचारला गेला.

त्यांचें उत्तर तयार होतें. "साधुसंन्यासी चातुर्मासांत एके जागीं राहतात. मीहि राहीन. आषाढी एकादशीच्या आधीं मला इकडे आण. कार्तिकी झाली कीं सांगलीस पोहोंचव. पाण्याचे दिवस नेमके तेवढेच. तुझ्या दादाला माझी काळजी नको आणि मला माझ्या घराची नको."

चार महिने पणजी, आठ महिने सांगली. एवढी साधी आणि सोयीची व्यवस्था दोन सुशिक्षित भावांना दोन वर्षें फोनवर बोलून सुचली नव्हती; पुराचें पाणी कोणत्या महिन्यांत येतें आणि कोणत्या महिन्यांत नसतें, एवढाच हिशेब तिच्यांत होता. आम्हीं आपली सोय पाहिली असें मी म्हणणार नाहीं; आम्हीं भय पाहिलें आणि त्या भयाचा कायमचा बंदोबस्त करावयास निघालों. म्हातारें माणूस एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेतांना आपण औषधें, कपडे, कागदपत्रें आठवणीनें घेतों. तेथें त्याला काय येतें आहे, कशांत त्याचें चालेल, हें पाहावयाचें राहून जातें. काकूंना पणजींत भाजी आणावयास येत नव्हतें, भाषा येत नव्हती, उद्वाहनाची कळ दाबावयाची धास्ती वाटत होती. त्यांना पंचांग येत होतें आणि पाऊणकी येत होती. त्या दोहोंचा ह्या गांवांत उपयोग आहे, हें एका अनोळखी गृहस्थानें गळ टाकतां टाकतां दाखवून दिलें.

परत येतांना आम्हीं बस घेतली. घरीं आल्यावर काकूंनीं पेटी उघडली, लुगडीं कपाटांत लावलीं आणि पेटी माळ्यावर ठेवावयास सांगितली. जावयाचेंच आहे तर आतां कशाला, असें पत्नीनें विचारलें. त्या म्हणाल्या, "जावयाचें ठरलें म्हणूनच. आतां पेटी समोर नको." रात्रीं मीं दादाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपण काकूंनाच फोन द्यावयास हवा होता."

पुढें फाल्गुनांत होळीपर्यंत काकू रोज नदीवर गेल्या. मुलें शाळेंतून आलीं कीं त्यांच्याबरोबर, नाहीं तर एकट्या. इमारतींतल्या बायका कपडे वाळत घालतांना त्यांना भरतीची वेळ विचारूं लागल्या. धाकट्याला त्यांनीं पाऊणकीचा पाढा पाठ करविला. शाळेंत तो कोणी विचारणार नाहीं, हें त्याला ठाऊक असूनहि त्यानें तो केला, कारण पाढा म्हणून झाल्यावर खालीं जाऊन पाणी खरोखर तेवढें भरलें कीं नाहीं हें पाहावयास मिळत असे.

आतां काकू सांगलीस आहेत. आषाढी अजून दूर आहे. संध्याकाळीं त्यांचा फोन येतो. कृष्णेचें पाणी किती उतरलें, हरिपुरास कोण भेटलें, तुळशीला कळे आले कीं नाहीं, हें सगळें सांगून होतें आणि मग शेवटीं ठरलेलें वाक्य येतें. काल त्या म्हणाल्या, "उद्यां पंचमी. पांच पाऊण पावणेचार. पावणेचारला तुमच्याकडे पाणी भरेल. मुलांना धक्क्याच्या पायऱ्यांवर जाऊं देऊं नका."